हवाईयन भाषा

हवाईयन (स्थानिक नाव : ओलेलो हवाई) ही प्रशांत महासागरातील हवाई बेटांच्या मूळ रहिवाशांची भाषा असून ती ऑस्ट्रोनेशियन कुळाच्या पॉलिनेशियन शाखेत मोडते. ताहितियन आणि न्यूझीलंडची माओरी या तिच्या भगिनीभाषा होत. १९७८ पासून ती इंग्रजीच्या जोडीने हवाई राज्याची अधिकृत भाषा आहे. तरीही पिढ्यान्पिढ्या खंड न पडता घराघरांत तीच बोलणारा समाज नीहाऊ या खाजगी मालकीच्या लहानशा बेटापुरताच उरला आहे. ज्यांना या भाषेतील एक पूर्ण वाक्यही बोलता येत नाही, त्यांच्या तोंडी मात्र तिचे शब्द रोज असतात.

वर्णमालेत पाच स्वर आणि आठच व्यंजने आहेत. त्यांतील एक व्यंजन म्हणजे गळ्यात क्षणभर श्वास अडवून उच्चारायचा ‘ओकिना’. तो गाळला तर अर्थ बदलतो : लानाई म्हणजे व्हरांडा, आणि अखेरच्या ईपूर्वी ओकिना उच्चारला की ते एका बेटाचे नाव होते. दोन व्यंजने कधी जोडून येत नाहीत आणि शब्द नेहमी स्वरानेच संपतो. त्यामुळे ‘ख्रिसमस’ येथे ‘कालिकीमाका’ झाला. १८२० मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी या भाषेला रोमन लिपी दिली. बोलण्यात ‘ल’ आणि ‘र’ किंवा ‘क’ आणि ‘त’ यांत भेद केला जात नसल्याने १८२६ मध्ये त्यांनी चक्क मतदान घेऊन जादा अक्षरे वगळली. ‘होनोरुरू’ असेही लिहिले जाणारे नाव होनोलुलू म्हणून कायम झाले, ते या निर्णयामुळे.

नात्यागोत्याची शब्दसंपदा अळूच्या वाफ्यापर्यंत जाऊन पोहोचते. अळूला हवाईयनमध्ये ‘कालो’ म्हणतात. मुख्य कंदाला फुटणारी पिल्ले म्हणजे ‘ओहा’, आणि त्यावरूनच कुटुंबवाचक ‘ओहाना’ हा शब्द आला असे मानले जाते. पुराणकथेनुसार वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचे पहिले मूल मृत जन्मले व ते पुरले तेथे अळू उगवला. नंतर जन्मलेला हालोआ हा मानवांचा पूर्वज ठरला. अर्थात अळू हा माणसाचा थोरला भाऊ. त्याचे कंद शिजवून, कुटून आणि पाणी घालून केलेली ‘पोई’ हे मुख्य अन्न होते, आणि तिचे भांडे उघडे असताना भांडण करू नये असा घरगुती दंडक असे. पर्यटकांना नाचगाण्याची मेजवानी म्हणून ठाऊक असलेल्या ‘लूआऊ’चा मूळ अर्थही अळूची कोवळी पाने एवढाच आहे, नारळाच्या दुधात शिजवलेल्या त्या पानांवरून मेजवानीला नाव पडले.

दिशा सांगताना उत्तर-दक्षिणेपेक्षा ‘माउका’ (डोंगराकडे) आणि ‘माकाई’ (समुद्राकडे) हे शब्द अधिक चालतात. मध्ये डोंगर आणि भोवती समुद्र असलेल्या बेटावर तेच सोयीचे. काम आटोपल्यानंतरची निवांत वेळ म्हणजे ‘पाऊ हाना’, मदत म्हणजे ‘कोकुआ’, आणि आभार मानायचे तर ‘महालो’. फाटकावर ‘कापू’ अशी पाटी दिसली तर आत जाण्यास मनाई आहे असे समजावे. एकेकाळी हाच शब्द कडक धार्मिक निषेधांचा वाचक होता : स्त्रियांना पुरुषांच्या पंक्तीला बसण्यास व केळी, नारळ, डुकराचे मांस खाण्यास बंदी होती. १८१९ मध्ये राजा दुसरा कामेहामेहा याने स्त्रियांसमवेत जेवून ती व्यवस्थाच मोडली.

काही शब्द बेटांपलीकडे गेले. लाव्हाच्या गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेल्या प्रवाहाला ‘पाहोएहोए’ आणि खडबडीत, अणकुचीदार प्रवाहाला ‘आआ’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नावे भूविज्ञानाने स्वीकारली, आणि आज सह्याद्रीतील बेसाल्टच्या थरांचे वर्णनही त्यांच्याच आधारे केले जाते. होनोलुलू विमानतळावरील ‘विकीविकी’, म्हणजे झटपट, या नावाच्या बसवरून अमेरिकन संगणक प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये आपल्या संकेतस्थळाचे नाव ठेवले. विकिपीडियातील ‘विकी’ तोच.

ही भाषा अशिक्षितांची बोली म्हणून मागे पडली, हा समज चुकीचा आहे. १८३४ पासून १९४८ पर्यंत हवाईयनमध्ये शंभराहून अधिक वृत्तपत्रे निघाली. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत करण्यात आले आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले; पुढील काही पिढ्यांत घरातली भाषाही बदलली. १९८४ मध्ये ‘पूनाना लेओ’, म्हणजे ‘आवाजाचे घरटे’, या नावाने केवळ हवाईयन बोलणाऱ्या बालवाड्या सुरू झाल्या, आणि १९८७ पासून सरकारी शाळांतही हे माध्यम परतले. तेथील मुलांसाठी नवे शब्दही घडवावे लागले. संगणकाला ती ‘लोलोउइला’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ विजेचा मेंदू.