मुखपृष्ठावरील डाग व रंगबदल (कॉमिक्स)

जुन्या, संग्राह्य कॉमिकच्या मुखपृष्ठावर काळ, उजेड, दमट हवा आणि आतल्या कागदातील आम्ल यांनी उमटवलेल्या खुणा वाचण्याचे तंत्र. प्रत कशी ठेवली होती आणि मागाहून कोणी ती रंगवून सजवली आहे का, हे त्यावरून कळते. तपकिरी तर बहुतेक डाग असतात. त्यामुळे डागाचा रंग फारसे सांगत नाही, त्याची जागा आणि कड सांगते.

मुखपृष्ठ सहसा गुळगुळीत कागदाचे, आतली पाने वर्तमानपत्री कागदाची. या स्वस्त कागदात लाकडातले लिग्निन हे द्रव्य तसेच राहिलेले असते. हवा-उजेड लागला की ते पिवळे, मग तपकिरी पडते आणि आम्ल सुटते. पहिल्या पानावरच्या शाईतले तेलही मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस उतरते. म्हणून सरावलेला संग्राहक दर्शनी चित्रावर न भाळता मुखपृष्ठ उघडून आतली पांढरी बाजू आधी पाहतो.

तीन मोकळ्या कडांकडून आत विरत गेलेला तपकिरीपणा हवेचा. तोच पट्टीने आखल्यासारखा एका रेषेवर थांबला असेल, तर ती धुळीची सावली: गठ्ठ्यातला वरचा अंक जरा सरकलेला असतो आणि खालच्याचा उघडा राहिलेला पट्टा तेवढा काळवंडतो. विखुरलेले तांबूस ठिपके बुरशीचे किंवा कागदातल्या लोहकणांचे. दमट हवेत ते वाढतात, पिनांभोवती गंजाचे वलयही धरते; मुंबईच्या पावसाळ्यात राहिलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या भारतीय मालिकेच्या (१९६४ पासून) अंकांत या दोन्ही खुणा आधी शोधाव्यात. पाण्याचा डाग मध्ये फिका आणि काठाला गडद असतो. सेलोटेप गळून पडली तरी चिकटीची पिवळट पट्टी मागे राहतेच.

उन्हाचा परिणाम वेगळा. लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी व काळी टिकते. दुकानाच्या काचेतली जुनी पोस्टरे निळी पडतात ती त्यामुळेच. जांभळा निळ्याकडे झुकतो, हिरवाही. मात्र मूळ छपाई माहीत हवी. वेताळाचा (‘फँटम’ या कॉमिक-नायकाचा) पोशाख अमेरिकी रंगीत चित्रपट्ट्यांत जांभळा, स्कँडिनेव्हियातल्या अंकांत मुळातच निळा. तिथे निळा दिसला म्हणून ऊन लागले असे ठरवणे चुकीचे.

अमेरिकेत २००० साली सुरू झालेली सीजीसी ही कॉमिक्सची प्रतवारी करणारी संस्था १० पर्यंतच्या श्रेणीखेरीज पानांचा रंगही पांढऱ्यापासून ठिसूळपर्यंत वेगळा नोंदवते, कारण लखलखीत मुखपृष्ठाखाली तपकिरी पाने निघणे नवलाचे नाही. दुरुस्त केलेल्या प्रतीला ती जांभळे लेबल लावते. रंगकाम पकडायची साधी जागा म्हणजे कणा: घडीवरचे पांढरे चरे मार्करने काळे केलेले असतील, तर शाई बहुधा पाझरून आतल्या बाजूला ठिपक्यांनी दिसते.