बातम्यांमधला एनिअ‍ॅक आणि खरा एनिअ‍ॅक

जुन्या संगणकाची बातमी आली की खोलीभर यंत्राचा कृष्णधवल फोटो आणि ‘तुमचा फोन याहून लाखो पटींनी वेगवान’ हे वाक्य ठरलेलं. वाक्य खोटं नाही, पण ते यंत्र चालायचं कसं, हे त्यातून कळत नाही. ते सांगायला गेलं की आजच्या संगणकाची रचनाच त्याच्यावर चिकटवली जाते.

एनिअ‍ॅकचंच घ्या. अमेरिकेतल्या या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचं जाहीर प्रात्यक्षिक फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियात झालं. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब (विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या निर्वात नळ्या), वजन जवळपास ३० टन. त्याच्या ट्यूब ‘शून्य आणि एकच्या भाषेत’ हिशेब करायच्या, असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात एनिअ‍ॅक दशमान पद्धतीने मोजायचा! संख्येतल्या प्रत्येक अंकासाठी दहा फ्लिप-फ्लॉप मंडलांची (चालू किंवा बंद राहू शकणाऱ्या विद्युत मंडलांची) एक साखळी असे आणि त्यातलं एका वेळी एकच चालू. ७ हा अंक दुसरीकडे पाठवायचा तर तारेतून विजेचे सात स्पंद जायचे, साखळी सात घरं पुढे सरकायची. नऊच्या पुढे गेली की हातचा पुढच्या साखळीला. अशा सेकंदाला ५,००० बेरजा. इतकी देखणी रचना एका चुकीच्या वाक्याखाली गाडली जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

त्याची मेमरी बाइटमध्ये सांगणंही तितकंच चुकीचं. दहा अंकी संख्या धरणारे वीस संचयक, एवढीच त्याची चालू हिशेबाची जागा. सुरुवातीला प्रोग्रामही आत साठवलेला नसे. केबली जोडून आणि स्विच फिरवून तो यंत्रावरच मांडावा लागे. प्रात्यक्षिकातलं तोफगोळ्याच्या मार्गाचं गणित बेटी जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर या प्रोग्रामरनी असंच मांडलं होतं. तेव्हाच्या बातम्यांत त्यांची नावं नव्हती. लुकलुकणारे दिवे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिले. ते नीट दिसावेत म्हणून निऑन दिव्यांवर पिंगपाँगच्या चेंडूंचे अर्धे तुकडे खास बसवले होते.

१९५२ च्या अमेरिकी निवडणुकीच्या रात्री सीबीएस या टीव्ही वाहिनीच्या स्टुडिओत दिवे उघडझाप करणारं पॅनेल तर निव्वळ देखावा होतं. निकालाचा अंदाज सांगणारा खरा संगणक, युनिव्हॅक, फिलाडेल्फियात होता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोलोसस या यंत्राने जर्मनांच्या एनिग्मा या सांकेतिक यंत्राचे संदेश फोडले, ही चूक अजूनही छापली जाते. एनिग्मासाठी फिरत्या ड्रमांची विद्युत-यांत्रिक ‘बॉम्ब’ यंत्रं होती. टॉमी फ्लॉवर्स यांचा कोलोसस इलेक्ट्रॉनिक होता आणि तो लोरेन्झ या वेगळ्याच जर्मन सांकेतिक यंत्राच्या संदेशांवर काम करायचा. कोलोसस १९७० च्या दशकापर्यंत गुप्त राहिला, त्यामुळे तोवर ‘पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक’ म्हणून एनिअ‍ॅकचंच नाव रूढ झालं होतं.