पोषणशास्त्र म्हणजे स्वयंपाकाचा कोर्स?

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक वाक्य फिरू लागतं: ‘पोषणशास्त्र म्हणजे पदवी घेऊन स्वयंपाक शिकणं.’ गृहविज्ञानाच्या वर्गात पूर्वी पाककृती शिकवत, त्यामुळे हा समज होणं साहजिक आहे. पण तो अपुरा आहे.

मुंबईतल्या सरकारी विद्यापीठांचे अभ्यासक्रम संकेतस्थळावर मोफत मिळतात. पीडीएफ उघडून विषयांची नावं वाचा: जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र. प्रात्यक्षिकात लिंबाच्या रसातलं क जीवनसत्त्व मोजतात. रसात निळं रसायन थेंबथेंब सोडायचं, फिकट गुलाबी छटा टिकली की हात थांबवायचा, आणि किती मिलिलिटर लागलं त्यावरून हिशोब मांडायचा. एक थेंब जास्त पडला तरी उत्तर बदलतं.

स्वयंपाकघर असतं, नाही असं नाही. पण तिथे प्रत्येक जिन्नस आधी तराजूवर चढतो. कच्ची तूरडाळ ३० ग्रॅम म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं, हे गणित आधी, फोडणी नंतर. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांसाठी भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळतात आणि पाणी ओतून देतात, कारण पोटॅशियमचा बराच भाग त्या पाण्यात उतरतो. चवीसाठी कोणी असं करणार नाही.

प्रवेशाच्या अटी मात्र कॉलेजागणिक वेगळ्या असतात. माहितीपुस्तिका पाहूनच अर्ज भरा.