राखणारा कुत्रा, वळणारा कुत्रा

गुरांमागे जाणाऱ्याच्या कामाला मराठीत दोन क्रियापदं आहेत: गुरं राखणं आणि गुरं वळणं. माणसाच्या बाबतीत आपण ती एकमेकांच्या जागी सहज वापरतो. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र ही दोन वेगळी कामं आहेत. गोव्यात, पणजी-पर्वरीच्या फ्लॅटांत, अलीकडे बॉर्डर कॉली या मेंढ्या वळणाऱ्या विलायती जातीचे कुत्रे दिसू लागले आहेत. त्यांचं काय बिनसतं ते समजून घ्यायचं तर या फरकापासून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडचा कुत्रा राखणारा. देशावरचा धनगर मेंढरं स्वतः वळतो, काठीने आणि तोंडाने. त्याचा कुत्रा रात्री लांडग्याची चाहूल घेत कळपाभोवती पडून असतो. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांत म्हशी पाळणाऱ्या गवळी-धनगरांकडेही कुत्रा हवा असतो तो बिबट्याची वर्दी द्यायला. कुत्र्याने जनावरांना गोल फिरवून मालकापुढे आणून उभं करायचं, ही कल्पनाच आपल्या डोंगरांत नव्हती.

गोव्यातल्या घरांना मेंढपाळ जातीचा एक कुत्रा मात्र जुना ओळखीचा आहे: अल्सेशियन. तो मुळात मेंढ्यांमागचा, हे पुष्कळांच्या ध्यानातच नसतं. माक्स फॉन श्टेफानिट्स या घोडदळातल्या अधिकाऱ्याने 1899 साली जर्मनीत होरांड नावाचा कुत्रा विकत घेतला आणि त्याच वर्षी या जातीची संस्था काढली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांना 'जर्मन' हा शब्द नकोसा झाला, म्हणून तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, त्याला अल्सेशियन केलं. क्लबने 1977 साली 'जर्मन शेपर्ड' हे नाव पुन्हा मान्य केलं, पण आपल्या तोंडी आधीचंच राहिलं.

या कुत्र्याचं मूळ काम नीट पाहण्यासारखं आहे. जर्मनीत कुंपण नसलेल्या शेतांच्या मधल्या पट्ट्यांत मेंढ्या चरत आणि दोन्ही बाजूंना पीक उभं असे. कुत्रा दिवसभर त्या हद्दीवरून येरझारा घाली, जणू चालता बांधच. वळणं आणि राखणं या दोहोंच्या मधलं हे काम. म्हापशाला मामाच्या घरी अल्सेशियन होता. आवाराच्या गडग्याला लागून त्याने येऊन-जाऊन गवतात एक पायवाट पाडली होती. मामी म्हणायची, हा राखणदारासारखा फिरतो. तो त्याच्या पूर्वजांचंच काम करत होता, आणि गोव्याच्या आवाराला नेमकं तेच हवं होतं. श्टेफानिट्सनेही कुरणं घटू लागल्यावर या जातीला पोलिसांच्या आणि सैन्याच्या कामाकडे नेलं. त्यामुळे मेंढ्यांपासून दाराशी येण्याचा तिचा प्रवास माणसांनी समजून-उमजून केलेला होता.

बॉर्डर कॉलीचं तसं झालं नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या उघड्या टेकड्यांवर मेंढ्या मैलोगणती विखुरलेल्या असत. त्या गोळा करून आणणारा कुत्रा हवा होता. 1873 साली वेल्समधल्या बाला गावी अशा कुत्र्यांची स्पर्धा झाली आणि ती एका स्कॉटिश मेंढपाळाच्या ट्वीड नावाच्या कुत्र्याने जिंकली. वीस वर्षांनी, 1893 मध्ये, नॉर्थंबरलंडमध्ये ॲडम टेलफरच्या घरी ओल्ड हेम्प जन्मला. तो भुंकत नसे, चावत नसे. अंग जमिनीलगत चेपून, डोळा रोखून सरके आणि मेंढ्या त्या नजरेनेच वळत. आजच्या जवळजवळ सगळ्या बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापर्यंत जाते. 1906 साली इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली आणि पुढे नोंदवह्या सुरू झाल्या. पिल्लं कुणाची ठेवायची, हे काम पाहून ठरे. रंग, कान, उंची यांची फिकीर कुणी करत नव्हतं. ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली ती 1976 साली, अमेरिकेतल्या क्लबने 1995 साली. म्हणजे घरातला देखणा कुत्रा ही तिची ओळख कालपरवाची, आणि तिच्यामागे निव्वळ कामासाठी केलेली शंभर वर्षांची निवड.

ही निवड नक्की कशाची झाली? शिकारी प्राणी सावज हेरतो, नजर रोखतो, दबा धरून सरकतो, पाठलाग करतो, धरतो, मारतो. बॉर्डर कॉलीत या साखळीचा मधला भाग, नजर ते पाठलाग, वाढवला गेला आणि शेवटचा दाबला गेला. राखणाऱ्या कुत्र्यांत ही साखळीच मंद असते, म्हणून ते मेंढ्यांत मेंढीसारखे राहतात. कॉलीच्या अंगात भरलेलं हे काम सुटीवर जात नाही. हलणारी वस्तू दिसली की ते जागं होतं. गोव्यात हलणाऱ्या वस्तू कोणत्या? सकाळी भोंगा वाजवत येणारी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल, भाड्याने माणसं नेणाऱ्या पायलटची पिवळी-काळी मोटारसायकल, अंगणात पळणारी पोरं. 'कुत्रा मुलांच्या टाचा धरतो, वेडा झालाय' अशी तक्रार मी तिघा-चौघांकडून ऐकली आहे. तो वेडा झालेला नसतो. समोर मेंढ्या नाहीत म्हणून मुलांना वळत असतो. ओरडून ते थांबत नाही. त्याच्या दृष्टीने कळप आणखीच पांगतो.

त्याच्या हुशारीच्या कीर्तीनेही घोटाळा वाढवला. 1994 साली मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी, आज्ञापालनाच्या स्पर्धांतल्या सुमारे 200 परीक्षकांना विचारून, कुत्र्यांच्या जातींची क्रमवारी लावली आणि ही जात पहिली आली. पुढे अमेरिकेतल्या चेसर या कुत्रीने 1022 खेळण्यांची नावं ओळखून दाखवली. हा आकडा सगळे सांगतात. तिचे मालक, निवृत्त प्राध्यापक जॉन पिली, तिच्यासोबत तीन वर्षं रोज चार-पाच तास बसत होते, हे क्वचितच कुणी सांगतं. मला तोच आकडा महत्त्वाचा वाटतो.

वर आपली हवा. कुत्रा थंड होतो तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरचा ओलावा उडवून. दमट हवेत तो ओलावा उडत नाही. म्हणून गोव्यातले 32 अंश त्याला कोरड्या पुण्याच्या 36 पेक्षा जड जाऊ शकतात. चेंडूमागे धावताना ही जात आपणहून थांबत नाही, मालकालाच थांबवावं लागतं. पहाटे सहाच्या आत धावणं उरकावं. पावसाचे चार महिने फिरणं बंद पडतं, केसांच्या दाट आतल्या थरात ओल राहते आणि गोचिडांचा त्रास होतो. इथे एक गोष्ट प्रत्येक कॉलीवाल्याने डॉक्टरांपुढे बोलून दाखवावी. गोचीड-खरजेसाठी वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन, मोठ्या मात्रेत, काही कॉली कुत्र्यांच्या मेंदूत साठतं आणि जिवावर बेततं. त्यामागचा जनुकीय दोष 2001 साली सापडला. लांब नाकाच्या रफ कॉलीत तो खूप आढळतो, बॉर्डर कॉलीत विरळा. पण विरळा म्हणजे नाही असं नव्हे, आणि इथे 'कॉली' म्हणून विकलं जाणारं पिल्लू नेमकं कुठलं, हे कागदावर नेहमी असतंच असं नाही.

फोंड्याला ओळखीच्या एका कुटुंबाकडे बॉर्डर कॉली जातीची एक कुत्री आहे. पहिलं वर्ष तिने घर डोक्यावर घेतलं होतं. मग घरच्या आजींनी तिला कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, न्यायला सुरुवात केली. आता दिवस मावळताना आजी खुराड्याशी उभ्या राहून नुसतं 'चल गो' म्हणतात. माडांखालून, पोफळींमधून ती वळसा घालत जाते, पोट जमिनीला लावते, सरकते. बारा कोंबड्या एकेक करून आत येतात. शेवटची आत गेली की ती दारापाशी आडवी पडते आणि आजी कडी घालेपर्यंत हलत नाही.