दोन्ही रॅमवर ३२००च लिहिलंय, मग जोडी का जमत नाही?

भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून आठ जीबीची दुसरी रॅम आणली, जुन्या स्टिकच्या जोडीला बसवली आणि टास्क मॅनेजरमध्ये स्पीडसमोर २१३३ दिसायला लागलं. आदल्या रात्रीपर्यंत तिथे ३२०० होतं. "मामा, दोन्हीवर ३२००च छापलंय. दुकानदार म्हणाला, सेम टू सेम."

दुकानदार खोटं बोलला नव्हता. आकडा खरंच सेम होता. फक्त नव्या स्टिकसाठी ३२०० ही रोजची चाल होती, आणि जुनीसाठी जोर लावल्यावर गाठायची.

रॅमची मानकं जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर४ या रॅमच्या चौथ्या पिढीत ३२०० हा तिच्या यादीतला सर्वांत वरचा वेग, १.२ व्होल्टवर, आणि टायमिंग (आतल्या एकेका टप्प्याला लागणारे ठोके) साधारण २२-२२-२२. भाच्याची नवी स्टिक या जातीची होती: साधी हिरवी पट्टी, अंगावर पत्रा नाही. प्रोसेसर आणि मदरबोर्ड ३२०० पेलणारे असतील तर ही काही न सांगता ३२००वर धावते.

जुनी स्टिक काळ्या जाकिटातली, गेमिंगवाली. तिच्या डब्यावर ३२००, सीएल १६ (सीएल म्हणजे टायमिंगमधला पहिला आकडा), १.३५ व्होल्ट असं होतं. पण प्रत्येक स्टिकवर एक बारीकशी चिप असते, तिच्यात स्टिकची कुंडली लिहिलेली असते. या काळीच्या कुंडलीत मानक वेग होता २१३३, सीएल १५. डब्यावरचा ३२०० वेगळ्या कप्प्यात, एक्सएमपी प्रोफाइल म्हणून. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी चालू केलं तरच तो लागू होतो. (काही एएमडी बोर्डांवर त्याच गोष्टीला डीओसीपी म्हणतात. डीडीआर५ साठी एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७०००सोबत स्वतःचं एक्सपो आणलं.) महागडी रॅम घेऊन वर्षानुवर्षं ती २१३३वर चालवणारे लोक मी पाहिलेत.

आता दोघींत वेगवान कोण? वेग सारखा असला तरी सीएलमध्ये फरक आहे. सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा, म्हणजे मागणी आल्यापासून डेटा निघेपर्यंतचा वेळ नॅनोसेकंदात मिळतो. काळीचा १०, हिरवीचा १३.७५. आणि काळी २१३३वर उतरली की तिचाही १४च्या घरात जातो. याच हिशेबाने ३६००ची सीएल १८ पण १० नॅनोसेकंदच देते, तेव्हा नुसत्या मोठ्या आकड्याला भुलू नका.

दोघी एका बोर्डवर आल्या की प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर दोघींना जमेल असा वेग धरतो. एक्सएमपी बंद असेल तर काळीचा २१३३. चालू केलं तर बोर्ड काळीचं प्रोफाइल बहुधा हिरवीवरही लादतो, आणि ज्या स्टिकला २२ची सवय ती १६वर चालेलच असं नाही. भाच्याचा पीसी तीनदा चालू-बंद झाला आणि आपणहून २१३३वर परतला. तेच त्याला टास्क मॅनेजरमध्ये दिसलं होतं.

मजा म्हणजे गेम तरीही आधीपेक्षा चांगले चालत होते! त्याच्याकडे रायझन ५ ५६००जी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे चित्रं काढायचं कामही याच रॅमवर. एकटी स्टिक ३२००वर सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते. दोन स्टिक दोन चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर, २१३३ला सुद्धा, ३४ जीबीच्या पुढे जातात. म्हणून ही चूक सहसा पकडली जात नाही. नीट जुळली असती तर ५१.२ मिळाले असते.

शेवटी मी बायोसमध्ये हाताने ३२००, २२-२२-२२ आणि १.३५ व्होल्ट टाकलं. काळीला २२ म्हणजे अगदी आरामाचं काम, पण १.२ व्होल्टवर ती ३२०० धरेल याची खात्री नव्हती, म्हणून व्होल्ट तिच्या डब्यावरचे ठेवले. चाललं. दहा नॅनोसेकंदांवर मात्र पाणी सोडावं लागलं.

हिरवीला कमी लेखू नका. ऑफिसच्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये बहुधा एक्सएमपीचा पर्यायच नसतो. तिथे काळी लावली तर तिचे जास्तीचे पैसे पाण्यात, आणि हिरवी मुकाट्याने पूर्ण वेगाने धावते. इंटेलच्या बी४६० आणि एच४१० बोर्डांवर तर दोघींचीही मजल २६६६ किंवा प्रोसेसर वरचा असेल तर २९३३ पर्यंतच.

बिल्ड स्वतः जुळवलेला असेल आणि आत काळी असेल, तर दुसरीही काळीच शोधा. लेबलवर सीएल आणि व्होल्ट दोन्ही वाचा, १.३५ दिसलं म्हणजे एक्सएमपीवाली. तेच मॉडेल मिळालं तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. कॉर्सेअर लेबलवर व्हर्जन छापतं, त्यातला पहिला आकडा ३ असेल तर मायक्रॉन, ४ सॅमसंग, ५ हायनिक्स. १आरएक्स८, २आरएक्स८ अशा खुणा (चिपचे किती गट आणि एकेक चिप किती बिटची) दिसल्या तर त्याही जुळवा. १आरएक्स१६ गेमिंगसाठी मी घेणार नाही, तिच्यात बँक ग्रुप, म्हणजे चिपच्या आतले मेमरीचे गट, निम्मे असतात. दोन स्टिकचं किट महाग वाटतं, पण त्या दोघी कंपनीतच एकत्र तपासलेल्या असतात. जुनी विकून किट घेणं मला तरी बरं वाटतं. डीडीआर५ मध्ये तर नक्कीच, कारण रायझन ७०००वर चार स्टिक लावल्या की एएमडीचा अधिकृत वेग ५२००वरून ३६००वर येतो.

चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. भाच्याने पहिल्या आणि तिसऱ्यात लावल्या होत्या, तो घोळ वेगळाच. त्या जागा बदलून रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावून झोपलो. सकाळी एकही लाल ओळ नव्हती.