सारायेव्होच्या ओसाड स्की-उतारांची खरी गोष्ट

बॉस्नियाची राजधानी सारायेव्होजवळच्या इग्मन डोंगरावरच्या पडक्या स्की-जंपचे फोटो वर्षानुवर्षे फिरताहेत. खाली ओळ ठरलेली: ‘1984चं हिवाळी ऑलिंपिक संपलं आणि सगळं वाऱ्यावर सोडलं.’ हे साफ चुकीचं आहे, आणि ज्या शहराने एवढं सोसलं त्याच्यावर अन्याय करणारंही.

खेळ संपल्यावरही इथे स्पर्धा होत राहिल्या. ट्रेबेविच डोंगरावरच्या बॉबस्ले (बर्फावरची घसरगाडी) ट्रॅकवर तर 1991पर्यंत. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1992मध्ये, बॉस्नियाच्या युद्धात शहराला वेढा पडला. तोच सिमेंटचा ट्रॅक बॉस्नियन सर्ब सैन्याचं तोफांचं ठाणं बनला. इग्मनवर तुंबळ लढाई झाली, आसपास सुरुंग पेरले गेले. तिथल्या विजेत्यांच्या चौथऱ्याकडे नीट पाहा: ऑलिंपिकची पाच वर्तुळं आणि गोळ्यांनी उडालेले टवके. निष्काळजीपणामुळे असे टवके उडत नाहीत.

शिवाय सगळंच ओसाड नाही. बेलाश्नित्सा आणि याहोरिना या मुख्य उतारांवर आजही दर हिवाळ्यात स्कीइंग चालतं. 2019चा युरोपीय युवा ऑलिंपिक महोत्सवही इथेच भरला होता. ट्रेबेविचचा रोपवे 2018मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यातून उतरून लोक त्या जुन्या ट्रॅकवरून चालत जातात.