रविवारी दोन तास वाजवलं की आठवड्याची प्रॅक्टिस भरून निघते? नाही निघत

शाळेच्या बँडमध्ये नवीन आलेल्या मुलांचे पालक वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलेत की रोज नाही जमलं तर रविवारी सलग दोन तास बसवा, हिशोब तोच. तोच नाहीये हो! ट्रम्पेट, क्लॅरिनेट, फ्लूट सगळं ओठांभोवतीच्या बारीक स्नायूंवर चालतं आणि सहावी-सातवीतल्या नवख्या मुलाचे ते स्नायू पटकन थकतात, मग सूर टिकत नाही म्हणून पोरगं माउथपीस (वाद्याचा तोंडाला लावायचा भाग) ओठांवर दाबतं, गाल फुगवतं, आणि उरलेला वेळ तीच चुकीची सवय पक्की करत बसतं, जी नंतर मोडायला फार जड जाते. ड्रमवाल्यांचं मनगटांच्या बाबतीत तेच. शिवाय बोटांना शिकवलेलं पक्कं व्हायला मधे झोप लागते. वेगवेगळ्या दिवसांत वाटून केलेला सराव जास्त टिकतो हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच पाठांतराच्या प्रयोगांत दाखवलं होतं. म्हणून रोज १५-२० मिनिटं, आधी लांब सूर (एकच सूर जमेल तितका वेळ धरून ठेवायचा), मग जी ओळ अडते तेवढीच, मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) हळू लावून. सुरुवातीचे काही महिने आवाज चिरका येणारच, त्यावरून पोराला टोकू नका प्लीज.